अँटेना धरून

“आलं का?” मी कठड्यावरून खाली वाकून ओरडले.

“नाही!” खिडकीतून अण्णांचा आवाज आला.

मी पाइप बोटभर फिरवला. “आता?”

“नाही गं. सिग्नल नाही म्हणून पाटी आलीये नुसती.”

मे महिना होता आणि दुपारचे अडीच वाजले होते. चपला घालूनही तळवे भाजत होते आणि अँटेनाचा लोखंडी पाइप इतका तापला होता की मी त्याला ओढणी गुंडाळून धरलं होतं. चार वाजता आई टीव्हीवर लागणार होती. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आदल्या रविवारी अण्णांचा नाशिकला फोन आला, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ‘कशी आहेस’ वगैरे विचारायची त्यांची पद्धत नाही.

“मंदा दिसली,” ते म्हणाले.

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एकटा राहणारा माणूस गेलेली बायको दिसली म्हणतो, तेव्हा मुलीच्या मनात काय येतं ते सांगायला नको.

“कुठे दिसली, अण्णा?”

“टीव्हीवर. दूरदर्शन जुने कार्यक्रम परत दाखवतंय, दर शनिवारी दुपारी चारला. पुढच्या वेळी काय आहे ते दाखवलं, त्यात. दोन सेकंद. तोंड नाही दिसलं, हात दिसले. स्टोला पिन मारत होती.” मग जरा थांबून म्हणाले, “तू येशील का?”

अण्णांनी मला ‘ये’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होतीच, शुक्रवारी पुण्याला आले.

आईचं माहेर तांबट आळीतलं. आजोबांचं स्टो दुरुस्तीचं दुकान होतं आणि आई त्या दुकानातच वाढलेली. लग्न होऊन हिंगण्याला आली ती हत्यारांची पिशवी घेऊनच. गल्लीतल्या बायका फरफरणारे स्टो घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या आणि आई दुरुस्त करता करता त्यांनाही शिकवायची. ही गोष्ट कुणीतरी मुंबईत दूरदर्शनच्या कानावर घातली आणि पंच्याऐंशी साली महिलांच्या कार्यक्रमात तिला बोलावणं आलं. अण्णा तेव्हा कारखान्यात टर्नर होते. ते म्हणाले, “चारचौघांत बसून स्टो ठोकायचा? लोक हसतील.” आई म्हणाली, “हसू देत.” झालं. घरात अबोला सुरू झाला. आई मावशीची साडी नेसून पहाटे एकटीच स्टेशनवर गेली, रेकॉर्डिंग करून रात्री परत आली, तरी अबोला चालूच.

त्या कार्यक्रमाची आमच्याकडे काहीच खूण नव्हती. आईचा चालता-बोलता एक तुकडासुद्धा नव्हता. होते ते फोटो, आणि फोटोत ती नेहमी पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी अवघडून उभी.

आई गेल्यावर महिन्याभरात अण्णांनी केबल काढून टाकली. “दोनशे वाहिन्या आणि बघायला माणूस एक,” म्हणाले. मग कुठूनसं त्यांना कळलं की सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आता डिजिटल प्रक्षेपण होतं. साधी अँटेना आणि एक छोटा डबा असला की झालं. माळ्यावरची जुनी ॲल्युमिनियमची अँटेना त्यांनी उतरवली, काड्या घासूनपुसून सरळ केल्या आणि गच्चीवर गडाच्या दिशेनं उभी केली. “गडावरून येतं, हवेतून येतं आणि फुकट येतं. मधे कुणी माणूस नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, जणू मनोरा त्यांनीच बांधला होता.

आता मधे माणूस नव्हता, पण इमारत आली होती. शेजारच्या प्लॉटवर बारा मजली काम चाललं होतं. मंगळवारी तिचा पाचवा स्लॅब भरला आणि गड त्याच्यामागे गेला. बुधवारपासून अण्णांच्या टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ एवढंच दिसत होतं.

शुक्रवारी पोचल्या पोचल्या मी सोपा मार्ग सुचवला. समोरच्या पोतनीस वहिनींकडे केबल होती, आणि त्यांनी स्वतः येऊन सांगितलं होतं, “काका, चार वाजता या आमच्याकडे. चहा पण घेऊ.”

अण्णा त्यांना ‘बरं’ म्हणाले आणि त्या गेल्यावर माझ्याकडे वळले. “दुसऱ्याच्या घरी जाऊन बघू माझी बायको?”

“मग माझ्या फोनवर बघू. लागेल फोनवर.”

“तळहातावर नको. तिच्या घरात बघायचीये मला, मोठी.”

त्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून शनिवारी जेवण झाल्यावर मी वर आणि ते खाली, अशी आमची वाटणी झाली. पंच्याऐंशी साली ती बरोबर उलटी होती.

तीन वाजेपर्यंत ओरडून ओरडून दोघांचेही घसे बसले.

“फोन लावते,” मी म्हटलं. “तुमचा स्पीकर चालू करून टीव्हीशेजारी ठेवा. हळू बोललं तरी चालेल.”

मी माझा फोन कुर्त्याच्या खिशात टाकला आणि पुन्हा दोन्ही हातांनी पाइप धरला. अण्णांचा आवाज आता माझ्या पोटापाशी बोलू लागला.

“किती भराभरा फिरवतेस! विज्ञान शिकवतेस ना पोरांना? अगं, हे जुनं नाही. जुन्यात मुंग्या यायच्या, मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. मग आपण थोडं इकडे, थोडं तिकडे करायचो. यात एकतर सगळं, नाहीतर काही नाही. आणि आलं तरी लगेच दाखवत नाही. हलवलंस की कळ काढ. दहा आकडे मोज. मग पुढे.”

माझी चूक तीच होती. लहानपणापासून बघितलेलं तसंच करत होते मी, फिरवत राहायचं आणि खालून हाक आली की थांबायचं. इथे हाक येईपर्यंत जागा मागे निघून जात होती. मी बोटभर फिरवून दहा आकडे मोजू लागले. फिरवायचं, मोजायचं. डाव्या बाजूनं सुरुवात करून इमारतीपर्यंत आले, इमारत ओलांडली, कालव्याकडे वळले. खिशातून दर वेळी “नाही” येत होतं, आणि प्रत्येक ‘नाही’ आधीच्यापेक्षा बारीक होत चाललं होतं.

साडेतीन झाले. पावणेचार झाले.

“राहू दे, वृंदे,” अण्णा म्हणाले. “ऊन लागेल तुला.”

हा माणूस ‘राहू दे’ म्हणणारा नव्हे. अण्णांनी हट्ट सोडलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो सुटताना ऐकून मला रडूच आलं. मी रागारागानं पाइप उपसला, कठड्यापाशी नेला आणि गडाकडे पाठ करून धरला. पलीकडे नदीच्या बाजूला काचेची एक मोठी कचेरी झाली होती आणि तिच्यावर दुपारचं ऊन चकाकत होतं. काही विचार करून धरला असं मुळीच नाही. चिडून धरला.

एक, दोन, तीन. मी मोजत राहिले.

“थांब,” खिसा म्हणाला. “सिग्नलची पट्टी हलली. थांब, थांब. कुठे लावलीस?”

“गडाच्या उलट्या बाजूला.”

“काचेवरून येतंय.” त्यांच्या आवाजात अचानक कारखान्यातला टर्नर जागा झाला. “जरा वर उचल. कठड्याबाहेर काढ. अजून. हां! आलं! आलं, वृंदे! हलू नकोस.”

“बांधू का कठड्याला?”

“बांध.”

मी दोरी घ्यायला एक हात काढला आणि खालून ओरडा आला, “गेलं!” पुन्हा दोन्ही हातांनी उचलून धरला. दहा आकडे. “आलं.” बांधायचा असा तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा गेलं. कठड्याच्या बाहेर, हातभर वर, तिरपा, अशा जागी तो पाइप फक्त माणसाच्या हातात राहू शकत होता.

“चार वाजले,” अण्णा म्हणाले. “संगीत वाजतंय. तू ये खाली.”

“येते,” मी म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.

मग खिशातून आई बोलली.

“पंप फार मारू नये,” ती म्हणाली. “बायका काय करतात, घाई असते, पोरांची शाळा असते, मारतात पंप. आधी काकडा नीट जळू द्यायचा. बर्नर तापला पाहिजे.”

सहा वर्षांत मी तिचा आवाज विसरत चालले होते, हे मला तेव्हा कळलं. ‘काकडा’ म्हणताना ती मधे जराशी थांबायची. तेसुद्धा मी विसरले होते. मी कोपर कठड्यावर दाबून धरलं, कारण पाइप हलला असता तर ती गेली असती.

निवेदिकेनं विचारलं, “पण हे काम तुम्ही बायकांना शिकवायला का लागलात?”

“आमच्या शेजारची एक सून भाजून गेली. स्टो बिघडलाय म्हणून चार दिवस घरात सांगत होती. दुरुस्तीला न्यायला कुणाला सवड झाली नाही. दोन मिनिटांचं काम होतं हो. तिला येत असतं तर ती आज असती.”

पितळेवर पान्हा वाजला. ती काहीतरी उघडून दाखवत असावी.

“तुमच्या घरी आवडतं का हे?”

“नाही आवडत,” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू आलं. “आठ दिवस बोलत नाहीयेत माझ्याशी. पण हा कार्यक्रम लागेल ना, तेव्हा बघा तुम्ही. आमचे हे गच्चीवर अँटेना धरून उभे असणार. चित्र हललेलं त्यांना खपणारच नाही. सगळ्या गल्लीला मी दिसेन आणि यांना तेवढी दिसणार नाही.”

निवेदिका मोठ्यानं हसली.

आता मला पंच्याऐंशी सालची ती संध्याकाळ सांगायलाच हवी.

आमच्या खोलीत तेव्हा पंचवीस-तीस माणसं दाटली होती. काळा-पांढरा टीव्ही, आणि चित्र सारखं वरखाली पळत होतं. अण्णा कुणाशी न बोलता गच्चीवर गेले. मी नऊ वर्षांची. मला दारात उभं केलं होतं, आत बघायचं आणि जिन्याकडे तोंड करून ओरडायचं. ‘नाही, अण्णा! गेलं, अण्णा! थोडं आलं!’ मग एकदम चित्र स्वच्छ झालं आणि त्यात आई होती, करड्या साडीतली. माझी आई टीव्हीत! मी आत पळाले ती पुढच्या रांगेत जाऊन बसले. मधेच सगळे खो-खो हसले, म्हणून मीही हसले, कशाला ते न कळता. अण्णांना मी हाक मारलीच नाही. कार्यक्रम संपून माणसं चपला शोधायला लागली तेव्हा ते खाली उतरले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपले.

आई नंतर कधीकधी म्हणायची, “ह्यांनी माझा कार्यक्रम पाहिलाच नाही. वर जाऊन बसले.” म्हणताना ती हसायची, पण मला त्यात तक्रारच ऐकू यायची. ते रुसून वर बसले नव्हते, माझ्या हाकेची वाट बघत उभे होते, असं मी समजत होते. लहान असताना मार बसेल म्हणून बोलले नाही, आणि मोठेपणी आता काय सांगायचं म्हणून. पुढच्या वर्षी मुंबईहून आईला दुसऱ्यांदा पत्र आलं. अण्णा म्हणाले, “एकदा झालं तेवढं पुरे.” आई गेली नाही. हत्यारांची पिशवी हळूहळू माळ्यावर गेली. आणि ते सांगायचं राहिलं ते ती जाईपर्यंत राहिलंच.

खिशात पुन्हा संगीत वाजलं. मग कसलीतरी जाहिरात. मी पाइप तसाच धरून होते. किती तरी वेळानं अण्णा म्हणाले, “वृंदे, ये.”

पाइप सोडला तेव्हा बोटं सरळ होईनात. खाली गेले तर अण्णा खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढून बसले होते. पडद्यावर पाटी आली होती, ‘सिग्नल नाही’. ते तिच्याकडेच बघत होते.

“तू का नाही आलीस खाली?” त्यांनी विचारलं.

“पाइप धरला होता.”

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि बत्तीस वर्षांचं एका दमात सांगून टाकलं. मी आत पळाले, अण्णा. मी हाक मारली नाही. माझ्यामुळे तुम्ही वर राहिलात.

“वेडी का काय,” अण्णा म्हणाले. “पट्टा तुटला होता पाइपाचा. हाक मारली असतीस तरी सोडता आला नसता. चित्र आलंय ते मला कळलं होतं.”

“कसं?”

“लोक हसले ना. वरपर्यंत ऐकू आलं.” ते थांबले. चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत घातलाच नाही. “मला वाटलं, तिला हसले.”

मी त्यांच्या हातातला चष्मा घेऊन माझ्या मांडीवर ठेवला.

“दुसऱ्या दिवशी नळावर दोघीजणी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. म्हटलं, आपण सांगितलं तेच झालं. बायको हसण्यावारी गेली. म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा नको म्हणालो. तिला परत कुणी हसायला नको म्हणून.” त्यांचा आवाज फाटला. “आणि ते मला हसत होते गं. मला.”

अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. माझ्या खांद्यावर हात टेकून ते लहान मुलासारखे रडले. पोतनीस वहिनी चहाचं विचारायला दारापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

“तिला सांगायचं तरी, अण्णा. रुसून गेलो नव्हतो वर म्हणून.”

“काय सांगायचं? तिला माहीतच होतं. आत्ता म्हणाली की.”

बाहेर इमारतीवरचे मजूर फळ्या ठोकत होते.

अण्णा जाऊन आता पाच वर्षं झाली. तो कार्यक्रम पुन्हा कधी दाखवला गेल्याचं मला माहीत नाही. पत्रं लिहिली, इंटरनेटवर शोधला, सापडला नाही. म्हणजे त्या दुपारी तो गेला तो गेलाच, आणि दुसऱ्यांदाही तो आमच्यापैकी एकालाच दिसला. पण त्या दिवशी दिवेलागणीला मी अण्णांना विचारलं होतं, “कशी दिसत होती आई?”

ते खूप वेळ आठवत राहिले.

“त्या पहाटे ती निघाली तेव्हा मी जागा होतो,” ते म्हणाले. “भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बांगड्या वाजल्या, कडी वाजली. वळून पाहिलं नाही. मावशीची साडी, तिनं लगेच परत केली. तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर करडी पाहिलीत ना?”

“हो. करडीच होती.”

“हिरवी होती,” अण्णा म्हणाले.